रिमोटवरची कळ

काल चपलेचा पट्टा चिकटवायला गोंदाची छोटी नळी फोडली, आणि त्या उग्र वासाने मी कॉलेजच्या दिवसांत गेले. माझा आतेभाऊ निखिलदादा थर्माकोलचं विमान याच गोंदाने जोडायचा. भाट्याच्या समुद्रकिनारी वाळूवर ते उडवायचे मी. रिमोटची दांडी जराशी ढकलली तरी ते गपकन वळतं, असं मी सांगितल्यावर त्याने रिमोटवरची वळणं सौम्य करणारी एक कळ खाली केली आणि विमान शहाण्यासारखं वागू लागलं. महिनाभरात माझ्या बोटांना तेवढ्याच वळणाची सवय झाली.

विमानं उडवण्याच्या स्पर्धेच्या दिवशी पहिल्याच वळणाला ते उलटं झालं आणि नाकावर आपटलं. पंखाचे पांढरे दाणे ओल्या वाळूला चिकटले.

"हात जड गो तुझा," दादा परीक्षकांसमोर हसत म्हणाला. "सर, बहीण म्हणून हिला दिलं. मीच उडवायला हवं होतं."

रिमोट परत देताना मी पाहिलं, कळ वर होती. परीक्षकांना झोकदार वळणं दिसावीत म्हणून मला न सांगता त्याने ती वर केली होती. मी पाहिलंय हे त्याच्या लक्षात आलं. त्याने अंगठ्याने ती पुन्हा खाली केली.

तेव्हा वाटलं होतं, दादा घाबरला असेल. आज तो अंगठा आठवतो, तर त्याला कसलीच घाई नव्हती. मी कुणाला काही बोलणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.