शाळेला पाठवलेलं कोरं कापड

भिवंडीतल्या नारपोलीत माझे बारा लूम, म्हणजे यंत्रमाग, होते आणि तोरा शंभर लूमवाल्याचा. राहायचो जवळच्या खारबाव गावाला, शेडवर यायचो स्कूटरनं. नवं शतक लागून दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. माझ्या हातून एक शाळा बंद पडायच्या बेतात आली होती, तीसुद्धा चांगलं काम करायला गेलो म्हणून.

शाळा भिवंडीतली नव्हे. आमच्याकडच्या ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला जम्मूचा एक ट्रक ड्रायव्हर यायचा, सरदारजी. चहा पिता पिता त्यानं एकदा सांगितलं, त्याचा मेहुणा तिकडं मास्तर आहे. सीमेवरच्या गावांवर तोफगोळे पडायला लागले तशी माणसं घरदार सोडून छावणीत येऊन राहिली होती. मास्तरांनी त्यांच्या मुलांसाठी एका रिकाम्या सरकारी गोदामात शाळा मांडली. फळा होता, मुलं होती, बाकी सगळ्याची बोंब. कित्येक मुलांच्या अंगावर धड कपडे नव्हते, म्हणून काही लाजेनं येतच नव्हती.

"कपड़े की फिकर छोड़ो सरदारजी," मी म्हणालो. "वो अपना काम है."

दुसऱ्याच दिवशी कापडाचे चार ताके, म्हणजे अख्खे गठ्ठे, बांधून त्याच्या ट्रकमध्ये टाकले. लूमवरून उतरलेलं कापड जसं असतं तसंच, कोरं. खळ लावलेल्या सुताचं, मळकट पांढरं. आमच्याकडं कापड म्हणजे तेवढंच. पुढं ते रंगवायच्या कारखान्यात जातं आणि आमचा त्याच्याशी संबंध संपतो. आयुष्यात मी लाखो वार कापड काढलं असेल, पण त्याचा शर्ट झालेला कधी पाहिला नव्हता.

मास्तरांचं आभाराचं पत्र आलं. अक्षर सुरेख होतं. ते पत्र मी खिशात घालून महिनाभर फिरलो. चहाच्या टपरीवर दाखवलं, गावातल्या देवळात दाखवलं, ज्यांना हिंदी वाचता येत नव्हतं त्यांना वाचून दाखवलं. आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

मग सरदारजी पुन्हा आला. चहाला नको म्हणाला. मी खोदून विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं. मास्तरांनी कापड वाटलं त्या दिवशी बायका ते हातात घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून अकरा मुलं शाळेत आली नाहीत. "उधर ये कपड़ा मुर्दे को देते हैं, सेठ," तो म्हणाला. मास्तरांनी पत्रात हे लिहिलं नव्हतं, कारण ते सभ्य माणूस होते.

आणि मुलं कमी होणं परवडणारं नव्हतं. शिक्षणखात्याचा साहेब तपासणीला येणार होता. चाळीस मुलं समोर बसलेली दिसली तर गोदाम शाळेकडं राहणार, नाहीतर काढून घेणार. जवळची दुसरी शाळा एवढी लांब, की लहान मुलांना चालत जाणं शक्य नव्हतं. म्हणजे त्यांची शाळा संपलीच.

घरी आलो आणि बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"कोराच कपरा पाठवलाव? न् त्यो पण पोरांना?"

"कापड ते कापड. रंगवून घेतील असं वाटलं."

"आपले गावान मानूस गेला का लोकं कोनाचे दारान येतात? तुमचेच ना? तवा कंचा कपरा फारून देताव तुमी?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. खरंच होतं. गावात कुणाकडं मयत झाली की माणूस माझ्याकडंच यायचा, आणि मी ताक्यातून लागेल तेवढं फाडून द्यायचो. इतकी वर्षं हेच हात तेच कापड फाडत होते. तरी ते चार ताके बांधताना माझ्या मनात काही आलं नाही. मी ते नुसतं माल म्हणून बघत होतो.

दुसऱ्या दिवशी नवीन चार ताके घेऊन रंगवायच्या कारखान्यात गेलो. तिथला मॅनेजर हसला. "चार ताक्यांचं काय लोणचं घालू?" म्हणाला. त्यांच्या मशीनला एका वेळी माझ्या शेडचा महिन्याचा माल लागतो. अजून दोन ठिकाणी गेलो, तिथंही हेच. शेवटी सुताच्या लडी रंगवणारा एक म्हातारा रंगारी भेटला. त्यानं निळा रंग पुडीत बांधून दिला, माप सांगितलं आणि बजावलं, "पहले मांड निकालो. बिना उसके रंग नहीं बैठेगा."

खळ काढायची म्हणजे कापड सोड्यात उकळायचं. बायकोनं लग्नातली गावकीची मोठी पातेली मागून आणली, आळीतल्या चार बायका बोलावल्या आणि मला चुलीत लाकडं घालायच्या कामाला लावलं. उकळा, धुवा, रंगात बुडवा, पुन्हा धुवा. भातकापणी होऊन शेतं मोकळी झाली होती, तिथं बांधांवर कापड वाळत घातलं. रंग कुठं गडद बसला, कुठं फिका. भिवंडीच्या बाजारात असला माल कुणी फुकट घेतला नसता. मी कुरकुर करायला लागलो तेव्हा बायको म्हणाली, "तुमचे तोंडापेक्षा बरा हाय." बायका हसल्या. 

या वेळी कापड ट्रकमध्ये टाकलं नाही. स्वतः घेऊन गेलो. बायको बरोबर आली. मला एकट्याला पाठवलं तर मी तिथं आणखी काहीतरी बोलून बसेन, असं तिचं म्हणणं होतं. तपासणीच्या आठवडाभर आधी आम्ही पोचलो. मास्तर आमच्याशी इतके अदबीनं वागले, की मला जास्तच ओशाळं झालं. छावणीतल्या दोन शिलाई मशीनवर बायकोनं आणि तिथल्या बायकांनी सगळ्या मुलांसाठी एकसारखे शाळेचे कपडे शिवायला घेतले. एकमेकींची भाषा त्यांना कळत नव्हती, काम मात्र झपाझप होत होतं. दहा मुलं परत आली. एक मुलगी राहिली. तिला धरून बरोबर चाळीस होत होती.

तपासणीच्या आदल्या दिवशी तिची आई मुलीला घेऊन आली. माझ्या समोर बसली.

"कपड़ा आपने भेजा था?"

मी मान हलवली.

"मेरे बेटे को ऐसे ही कपड़े में ले गए थे. मांड की वही बू थी." ती सावकाश बोलत होती, भांडत नव्हती. "आपने जानकर नहीं भेजा, मालूम है मुझे. पर रंग देने से वो दूसरा नहीं हो जाता. लड़की को मैं ये नहीं पहनाऊंगी."

खळीचा तो वास मला आवडतो. सकाळी शेड उघडली की मी आधी तो छातीभर घ्यायचो. तिच्या मुलाला ज्यात नेलं ते कापड आमच्या भिवंडीचं होतं का, ठाऊक नाही. असेलही. माल कुठं जातो हे मी कधी विचारलंच नव्हतं. माफी मागायला म्हणून मी पुढं सरकलो. बायकोनं तेवढ्यात मुलीला जवळ ओढून तिच्या फ्रॉकची उसवलेली बाही शिवून दिली. मायलेकी निघून गेल्या. मुलगी येणार की नाही, ते कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आला. मुलं ओळीनं बसली होती, कुणी गडद निळं, कुणी फिकं. साहेबानं मोजली. एकोणचाळीस भरली. त्यानं पुन्हा मोजायला सुरुवात केली आणि मास्तर दाराकडं बघत राहिले. तेवढ्यात ती मुलगी आली. अंगात तोच विटका गुलाबी फ्रॉक. तिची आई दारातच थांबली.

"इसकी वर्दी कहां है?" साहेबानं विचारलं. "यह यहीं पढ़ती है, या आज के लिए बिठाई है?"

मास्तर गडबडले. खरं कारण आईसमोर सांगवेना आणि खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. मुलीच्या आईनं माझ्याकडं पाहिलं. कपडे शिवून उरलेला अख्खा निळा ताका माझ्या मागं भिंतीला टेकवलेला होता. मी त्याच्यापुढं जरा सरकून उभा राहिलो.

"पढ़ती है, साहब," मी म्हणालो. "मैं भिवंडी से कपड़ा लाया था. कम पड़ गया."

साहेबानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कागदावर चाळीस लिहिलं.