डोळे झाकून

कॉम्प्युटरची नवी ग्राफिक्स कार्डं तपासून ती घेण्यासारखी आहेत का, हे ती व्हिडिओतून सांगायची. मधल्या किमतीच्या एका कार्डाबद्दल तिने कंपनीने जाहीर केलेल्या भावावर विसंबून बेधडक सांगून टाकलं, "डोळे झाकून घ्या." दुकानांत मात्र ते त्या भावाला कधी मिळालंच नाही.

पुढे एकदा ती मामाकडे गेली. मामा घरीच व्हिडिओ एडिटिंगची कामं करायचा. त्याने कौतुकाने कॉम्प्युटर उघडून दाखवला. आत तेच कार्ड होतं, दीडपट भावाने घेतलेलं. तेवढ्या पैशांत याहून वरचं कार्ड सहज आलं असतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भाव वाढलेला दिसल्यावर मला फोन का नाही केलास, मामा?"

"तू सांगितलं होतंस ना. मग आणखी काय विचारायचं?"

तिला मान वर करवेना. तशीच तिने आपली चूक सांगितली. मामाने कॉम्प्युटरचं झाकण पुन्हा लावलं. मग म्हणाला, "मला सांगितलंस. बाकीच्यांचं काय?"

त्याच्याच टेबलाशी बसून तिने आपला शब्द मागे घेणारा व्हिडिओ केला. खाली आभार मानणारे थोडेच होते. 'उशीर केलास, ताई' म्हणणारेच जास्त. तिने त्या प्रत्येकाची माफी मागितली.