आधी भगताकडे

"मुद्दा झालाय. पुढचा प्रश्न घ्या," लेखक माईकवर हात ठेवून माझ्या कानात म्हणाले. समोर तिसऱ्या रांगेत बाळाराम अजून उभाच होता.

निवृत्तीनंतर मी एका यूट्यूब चॅनेलसाठी विज्ञान आणि समाज या विषयावर लिहिणाऱ्यांच्या मुलाखती घेत असे. त्या दिवशी मुरबाडच्या हॉलमध्ये शूटिंग होतं. पुस्तक सर्पदंशावरचं. निम्मा वेळ सत्कारातच गेला. शाल, नारळ, मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. उरलेल्या वेळात लेखकांनी पुस्तकातली एक गोष्ट सांगितली. वैशाखरे गावाकडच्या पाड्यावर एकाला घोणस चावली. थोरल्या भावानं त्याला आधी भगताकडे नेलं, मंतरलेला दोरा बांधून घेतला, दवाखान्यात उशिरा. माणूस गेला. "विज्ञान दाराशी असताना आपण दोऱ्याकडे वळतो," असं म्हणून त्यांनी टाळ्या घेतल्या.

टाळ्या थांबल्यावर बाळाराम उठला होता.

"तो भाऊ मी. आमी भगताकडं औषधाला नाय गेलतो. गाडीला गेलतो. पाड्यावर जीप एकच, ती त्याची."

"पण त्याच्या हाताला दोरा होता. मला डॉक्टरांनी सांगितलंय," लेखक म्हणाले.

"व्हता ना. भगताची बायको कॅनमधलं डिझेल ओतीत होती, तवर त्यानं बांधला. मग त्यानंच गाडी पळवली. पहिल्या दवाखान्यात इंजेक्शन नव्हतं. पुढं जा म्हणाले. वाटेतच गेला माझा भाऊ."

बाळाराम पुढे बोलत राहिला.

"पुस्तक कॉलेजात आलंय, साहेब. माझ्या भावाची पोर, मनीषा, तिनं वाचलं. तवापासनं माझ्याशी बोलत नाय. एकदा मला इचारायचं तरी."

तेव्हाच लेखकांना पुढचा प्रश्न हवा झाला. मी म्हटलं, "प्रश्न हाच आहे. उत्तर द्या."

त्यांनी पाणी प्यायलं. "गाडीचं मला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "मी कुटुंबाला भेटलो नाही. ही चूक आहे."

बाळाराम खाली बसला. कार्यक्रमानंतर त्यानं एकच विचारलं, "मोबाईलवर कवा दिसंल?"

"लवकरच," मी म्हटलं.

चॅनेलवर टाकण्याआधी व्हिडिओ मुलाखतकाराकडे पाठवतात. तो पूर्ण बघून 'ओके' म्हणायचं असतं. मी सुरुवातीची माझी प्रस्तावना बघितली. आवाज बरा आला होता. ओके कळवलं.

मग बाळारामचा फोन आला. "साहेब, पोरीनं शेवटापर्यंत बघितला. मी नायच की त्यात."

मी चॅनेलच्या केतकीला फोन लावला.

"सर, प्रेक्षकांकडे माईक नव्हता. आवाज खराब होता. शिवाय लांबत होतं."

"अगं, तोच तर भाग महत्त्वाचा होता!"

"तुम्हीच ओके केलंत, सर."

"मूळ शूटिंग पाठव."

"ते डिलीट करतो आम्ही. जागा नसते."

दोऱ्याचं वाक्य आणि त्यावरच्या टाळ्या मात्र व्हिडिओत शाबूत होत्या. त्यांचा आवाज उत्तम होता.

लेखकांना फोन केला. "पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू."

"ती कधी?"

"ही संपली की. अजून बरीच शिल्लक आहे."

शेवटी मीच मुरबाडला जाऊन मनीषाला भेटलो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मग व्हिडिओत का नाय, आजोबा? काकानं तुमाला पाठवलंय ना?"

"नाही गं. मीच आलो."

"असं सगळेच म्हणतात. पुस्तकात कसं, छापलेलं हाय. तुमी पण छापा."

म्हणून हे छापतो आहे. मनीषा, तुझे काका गाडी आणायला गेले होते. लेखकांनी भरल्या हॉलमध्ये चूक मान्य केली, मी शेजारच्या खुर्चीत होतो. ते पुसलं गेलं ते माझ्या ओकेनं.

मुलाखती घेणाऱ्यांना एवढंच सांगतो. आपली प्रस्तावना सोडून पुढचंही बघत जा.