दाजींच्या स्लाईडा आणि माझी रात्रपाळी

माझ्या झोपेला या जगात कोणी खरी किंमत दिली असेल, तर ती माझ्या दाजींनी. बायकोला ती आळस वाटते, कंपनीतल्या सुपरवायझरला गुन्हा वाटतो, आणि मी स्वतः तिच्याबद्दल काही मत बनवायच्या आत झोपलेला असतो. दाजी मात्र समोर खुर्ची टाकून माझ्या झोपेची वाट बघत बसायचे. माझी मान नेमकी कधी कलली आणि तेव्हा लॅपटॉपवर काय चालू होतं, हे त्यांच्या पक्कं ध्यानात राहायचं. "तू लहान आतड्यात गेलास," असं ते मला हलवून उठवून सांगायचे. हात बसावा म्हणून सुरुवातीला त्यांनी सातवीची पचनसंस्था घेतली होती. त्या धड्यात मी मोठ्या आतड्यापर्यंत कधीच पोचलो नाही, त्यामुळे अन्नाचं पुढं काय होतं ते मला आजही नीटसं माहीत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. सोनईतल्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. मी राहतो नगरला, केडगावात, भाड्याच्या दोन खोल्यांत. आणि पोटासाठी सुप्याच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका मशीनसमोर उभा असतो. रात्रपाळी संपवून रविवारी सकाळी कंपनीच्या बसमधून उतरलो, की मला जगाकडून काही म्हणजे काही नको असतं. चहाही नको, नुसती गादी पाहिजे. नेमक्या त्याच वेळी दाजी सोनईच्या एसटीतून उतरून, खांद्याला लॅपटॉपची बॅग लावून माझ्या दारात हजर. आणि हे दर रविवारी नाही हं. ज्या आठवड्याला मला रात्रपाळी, त्याच रविवारी. माझ्या पाळ्यांचं वेळापत्रक माझ्यापेक्षा त्यांना जास्त तोंडपाठ होतं. एकदा मध्येच कंपनीनं मला पहिल्या पाळीला टाकलं. दाजी आले, मी अंघोळ करून, पोहे खाऊन, चांगला ताजातवाना बसलेला. त्यांचा चेहराच पडला. त्या दिवशी मी अख्खा धडा टक्क जागा राहून बघितला, तर त्यांनी त्यातलं काहीच धरलं नाही. झोप झालेल्या माणसाचं काय सांगावं, तो काहीही बघत बसेल, असं त्यांचं मत पडलं.

आता हे सगळं आलं कुठून, ते सांगतो. दाजींचा आवाज हा एकेकाळी सोनईतला सार्वजनिक ठेवा होता. ते दहावीच्या वर्गात गुरुत्वाकर्षण शिकवत असले, की शाळेसमोरच्या पिठाच्या गिरणीवर दळण घेऊन आलेल्या बायकांनाही सफरचंद खाली का पडतं ते कळायचं. गिरणीच्या पट्ट्याच्या वर त्यांचा आवाज असायचा. तो आवाज वर्षानुवर्षं तसाच वापरला, उसाच्या मळ्यात मोटर सोडून द्यावी तसा, आणि मग एका पावसाळ्यात तो बसला तो उठलाच नाही. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गळ्यात स्वरयंत्रावर गाठी आहेत. वाईट प्रकारच्या नाहीत, पण काढाव्या लागतील. काढल्या. त्यानंतर जो आवाज उरला तो पत्र्यावरून विळा ओढावा तसा, आणि तोही दिवसाकाठी थोडकाच. जास्त वापरलात तर हाही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. कुजबुजायचंही नाही, कुजबुजण्यानं म्हणे गळ्याला अजून ताण बसतो. म्हणजे चोरून बोलायचीही सोय राहिली नाही.

मुख्याध्यापक माणूस भला. त्यांनी दाजींना बोलावून समजावलं, की तुम्ही आता जिवाला त्रास करून घेऊ नका, ग्रंथालय बघा, परीक्षांचं कामकाज बघा, दहावीचं विज्ञान आपण दुसऱ्या कोणाला तरी देऊ. दाजींना ग्रंथालयाबद्दल राग नाही, पण दहावीचा वर्ग म्हणजे त्यांचा जीव की प्राण. वर्गात त्या वर्षी मोठा टीव्ही बसवलेला होता, त्याच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, यावर शिकवतो. मुख्याध्यापक म्हणाले, दिवाळीपर्यंत बघू. पोरांना समजत असेल तर वर्ग तुमचा, नाहीतर मग माझाही नाइलाज आहे. एवढंच ठरलं, आणि माझ्या रविवारांची वाट लागली.

पहिल्या स्लाईडा आठवल्या की मला अजून जांभई येते. आयुष्यभर बोललेल्या माणसाला अचानक गप्प बसवल्यावर तो काय करणार? दाजींना तोंडानं जे जे बोलता येत नव्हतं, ते सगळंच्या सगळं त्यांनी टाईप केलं. काना-मात्रासुद्धा वगळला नाही. व्याख्या तर होतीच, व्याख्येच्या आधी ते नेहमी सांगतात तो त्यांच्या चुलत्याच्या बैलाचा किस्सा होता, किश्शानंतरचा विनोद होता, आणि सगळ्यात कहर म्हणजे रागावण्याच्या वेगळ्या स्लाईडा होत्या. धडा रंगात आला की एकदम लाल पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत यायचं: "मागच्या बाकावरचे, तुमच्यासाठी वेगळी बैलगाडी पाठवू का?" त्यानंतर: "खिडकीतून काय बघतोस?" मी अर्धवट झोपेत डोळे उघडले आणि खरोखर खिडकीकडे बघितलं. मी विचारलं, दाजी, त्या वेळी पोरगं खिडकीतून बघतच नसेल तर? दाजी थोडा विचार करून म्हणाले, "कोणी ना कोणी बघतंच."

अक्षरं तर अशी आभाळातून यायची की बस. एक डावीकडून गिरक्या घेत, एक खालून उसळत, आणि प्रत्येक मुद्दा जागेवर बसला की टाळ्यांचा आवाज. पार्श्वभूमीला गुलाब. सुरुवातीला सुस्वागतम्, शेवटी जोडलेले हात. त्या टाळ्यांनी मी दर वेळी दचकून जागा व्हायचो, तेव्हा दाजींना वाटलं, टाळ्यांचा गुण येतोय. माझ्या बायकोनं स्वयंपाकघरातून सांगितलं, की दाजी, याला शिकवणं म्हणत नाहीत, गजर म्हणतात. दाजी खट्टू झाले, पण टाळ्या त्याच दिवशी गेल्या. गुलाब पुढच्या वेळी गेले. अक्षरांनी उडायचं बंद केलं, ती एका जागी मुकाट उभी राहायला लागली. मग दाजींनी मला गादीवरून उठवून पार मागच्या दाराजवळच्या कॉटवर बसवलं आणि लॅपटॉप पुढच्या खोलीत ठेवला, खिडकी सताड उघडी, ऊन थेट पडद्यावर. मी म्हणालो, काही दिसत नाही. "दिसत नाही ना? मग ते नाहीच," म्हणाले, आणि मला वाचता न आलेलं सगळं त्यांनी पुसून टाकलं.

एकदा माझा जीव अगदी मेटाकुटीला आला. रात्रभर मशीन बिघडत होतं, पाय सुजले होते, डोळे चुरचुरत होते, आणि समोर आरसे आणि भिंगं. मी जरा तडकूनच विचारलं, की जगात तुम्हाला मीच सापडलो का, तुमच्या शाळेत एवढे शिकलेले शिक्षक आहेत, त्यांना दाखवा की. दाजींनी लॅपटॉप मिटला. म्हणाले, "त्यांना दाखवलं तर ते छान म्हणतात. माझ्या वर्गातली पोरं पहाटे उठून धारा काढतात, डेअरीला दूध घालतात, मग शाळेला येतात. माझा तास जेवणाच्या सुट्टीनंतर, वर पत्रा. मागच्या बाकांवर सगळा तूच बसलेला असतोस." मी कॉटवर पाय वर घेऊन बसलो आणि म्हटलं, लावा.

पुढं पुढं त्यांना हा आजार शाळेबाहेरही जडला. दुकानांच्या पाट्या, एसटीचे बोर्ड, लग्नपत्रिका, जे दिसेल त्यात त्यांना गर्दी दिसायची आणि त्यातलं काय काय काढता येईल ते हातवारे करून ते सांगत सुटायचे. देवळाली प्रवऱ्याला आमच्या नात्यात साखरपुडा होता. मांडवाच्या दारात आपल्याकडे असतो तसा फ्लेक्स: वर देवदेवता, मग पुढारी, मग गावातले तरुण तडफदार, मामा, काका, आत्याचे यजमान, आणि खाली एका कोपऱ्यात तिकिटाएवढे नवरा-नवरी. दाजी बराच वेळ त्यासमोर उभे राहिले, मग त्यांना राहवेना. नवऱ्याच्या काकांना त्यांनी दंडाला धरून आणलं आणि बोलायचं नाही म्हणून खुणा करायला लागले: फ्लेक्सवरच्या फोटोंकडे बोट, मग नाही नाही अशी मान, मग छातीवर हात ठेवून, मला यात नवरा सापडत नाही हो. काका समजूतदार माणूस, त्यांनी ओशाळून दोन्ही हात जोडले. लग्नाच्या दिवशी गेलो तर नव्या फ्लेक्सवर दाजींचा फोटो, आमदारांच्या अगदी शेजारी. दाजी त्या दिवशी जेवले नाहीत. अक्का मात्र तेवढ्या काळात पहिल्यांदाच पोट धरून हसली.

अक्काचं दुखणं वेगळंच होतं. ते मला श्रावणात एकदा तिचा फोन आला तेव्हा कळलं. आधी इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "आरं, ते दिवसाचं सगळं बोलणं शाळंतच संपवून येत्यात. घरी आले की नुसत्या खुना. चहा पाहिजे तरी खून, दार लाव तरी खून. लई गप झालंय घर. मी काय भिंतीशी बोलू का?" मी आपलं काहीबाही सांगून तिची समजूत घातली. वर्ग टिकवायचाय ना त्यांना, दिवाळीपर्यंत जरा सांभाळून घे, असं म्हणालो. तिनं व्हय म्हटलं, पण तिचा आवाज काही मला बरा वाटला नाही. पुढच्या रविवारी दाजी आले तेव्हा मी हे त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी लगेच लॅपटॉप उघडला आणि त्या दिवशी त्यांनी जी काटछाट चालवली, ती बघून मलाच धसका बसला. आधी स्लाईडवर ओळी होत्या, त्या शब्दांवर आल्या. मग वर्गात प्रत्येक स्लाईडला आपल्याला किती बोलावं लागेल हे ते स्वतःशीच ओठ हलवून बघायचे, आणि जिथं जास्त बोलावं लागतंय ती स्लाईडच बाद करायचे. मी म्हणालो, दाजी, तुम्ही सगळंच काढलंत तर शिकवणार काय? त्यांनी हातानंच, थांब जरा, अशी खूण केली.

दिवाळीच्या सुट्टीआधी मुख्याध्यापक तास बघायला बसणार होते. अक्काचा निरोप आला, की तू ये, त्यांना धीर वाटंल. मी रात्रपाळी करून, तसाच तारवटलेल्या डोळ्यांनी सोनईची एसटी धरली आणि दुपारी दहावीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. शेजारी मुख्याध्यापक. वर पत्रा तापलेला, पोरं पेंगुळलेली. दाजींनी पहिली स्लाईड लावली. एका शेततळ्याचा फोटो, काळ्या प्लास्टिकच्या कागदाचं अस्तर असतं तसलं, पाणी स्वच्छ, तळ दिसतोय. खाली दोनच शब्द: उतरायचं का? दाजी बाजूला जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मुख्याध्यापक जागेवर चुळबुळले. मला वाटलं, गेला वर्ग. मग खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, नको. ते दिसतं कमरेएवढं, पन आत लई खोल असतं. आमच्या तळ्यावर माझा भाऊ असाच फसला हुता." पुढच्या बाकावरचा एकजण म्हणाला, स्वच्छ पाण्यात तळ दिसतो तेवढाच असतो. त्यावर तिघं-चौघं त्याच्यावर तुटून पडले. मग असं दिसतं का, कशामुळं, यावर जी जुंपली, ती थांबेचना. एकानं फळ्यावर जाऊन डोळा काढला, दुसऱ्यानं तो पुसून पाण्याची रेघ काढली. दाजी अधूनमधून एखादाच शब्द बोलायचे, कोणाकडे तरी बोट करायचे, आणि अगदी अडलं तेव्हा त्यांनी दुसरी स्लाईड लावली: पाण्यातून वर येताना वाकलेला एकच किरण, बाकी कोरं. वर्गातून "हां" असा आवाज आला. मुख्याध्यापकांचं स्वतःचं शेततळं आहे, ते शेवटी न राहवून उभेच राहिले आणि आपण बांबू टाकून कसं मोजलं ते सांगायला लागले. तास संपल्याचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. मीही एवढा वेळ टक्क बसून होतो, हे नंतर कळलं. बाहेर पडताना मुख्याध्यापक दाजींच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, दहावी तुमच्याकडेच राहू द्या.

घराकडे चालताना मी म्हणालो, झालं, आता सुटलात, आता जरा भरपूर लिहा स्लाईडवर, एवढी ओढाताण कशाला? दाजी पेठेतून चालता चालता थांबले. त्यांचा गळा त्या दिवशी बरा होता. म्हणाले, "आवाज दिवसाला एवढाच मिळतो रे. वर्गात वाचला, तरच घरी नेता येतो." आणि पुढं चालायला लागले. मी मागून जात राहिलो. इतके रविवार मला वाटत होतं, की हा माणूस दहावीच्या वर्गासाठी माझी झोप मोडतोय.

घरी मी आत कॉटवर पडलो. दार उघडं होतं. अक्का मागच्या ओट्यावर नळाखाली भांडी घासत होती, दाजी पायरीवर तिच्याजवळ जाऊन बसले. वर्ग राहिला, हे त्यांनी तिला सांगितलं. मग त्या खरखरीत आवाजात, दम खात, ते तिला दिवसभराचं सांगत बसले: कोण मुलगी काय म्हणाली, मुख्याध्यापक कसे उठले, येताना पेठेत मेथी कशी दिसली. काही खास नव्हतं त्यात. नळाचं पाणी भांड्यांवर जोरात पडत होतं, त्यात त्यांचा आवाज धड माझ्यापर्यंतही पोचत नव्हता.

अक्कानं नळ बंद केला. पदराला हात पुसले, आणि म्हणाली, "मेथीचं काय म्हनालात? परत सांगा."

आणि दाजींनी ते परत सांगितलं.