प्रश्नचिन्हाचा डबा

विजू गेली त्याला आज वर्ष झालं. तिचा डबा अजून माझ्याकडचं काही आत घेत नाही.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचो. जावा भाषेतलं जनेरिक्स, म्हणजे कुठल्या डब्यात कसला माल ते आधीच ठरवून देणं, शिकवायला आलं की विजू साखर पेठेतल्या तिच्या स्वयंपाकघरातले स्टीलचे डबे वर्गात आणायची.

'तूरडाळ' लिहिलेल्या डब्यात कुणी साखर टाकायला गेलं की झाकण आपटायची.
"कंपायलर ओरडला, प्रोग्रॅम चालायच्या आधीच चूक पकडली. आमटी गोड व्हायच्या आधी कळलं, बरं झालं की."

शेवटच्या डब्यावर नुसतं प्रश्नचिन्ह. तो वाइल्डकार्ड.
"आत कसला माल आहे, लेबल सांगत नाही. भलतंच काही पडायला नको. म्हणून यातून काढायचं, यात टाकायचं नाही."

मंगळवेढ्याची एक मुलगी म्हणाली, "कायच न्हाय टाकता येत व्हय, मॅडम?"
"येतं की. null. म्हणजे काहीच नाही."

शेवटच्या आजारात, दवाखान्यात तिनं माझा हात धरला.
"प्रश्नचिन्हाचा डबा घरी आहे. त्यातलं काढून घे. तुझं आहे."
तिला हसवायला मी म्हटलं, "टाइप काय? कसला माल?"
ती हसली नाही. "ते काढल्यावर कळतं."

मी तिच्या घरी गेले नाही.
दुसऱ्याचं काही उघडायचं नाही, ही कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांची शिकवण. ती बरी होऊन आली की तिच्यासमोर उघडू, असं ठरवलं.

तेराव्यानंतर तिच्या वहिनीनं डबा आणून दिला. घासून लख्ख केलेला.
"आत एक चिठ्ठी होती ओ मॅडम. मला दिसलीच नाही. पाण्यात गेली."

मी त्यात शेंगाचटणी भरली. झाकण बसेना.
निम्मी काढली. बसेना. तळाला चमचाभर ठेवली, तरी नाही.
रिकामा केला. टक् करून बसलं.

नंतर डाळ झाली, बटणं झाली, सुईदोरा झाला. वर्षभर हेच.

आज सकाळी तिच्या फोटोपुढे बसून मीच चिठ्ठी लिहिली. 'काय होतं गं त्यात?'
डब्यात ठेवली. झाकण बसलं नाही.
चिठ्ठी परत घेतली. बसलं.

मग डबा फळीवर ठेवायला उचलला, तर आत कागद सरकल्यासारखं वाजलं.

माझी चिठ्ठी माझ्या हातात होती.

हे फोनवर लिहितेय तेव्हा डबा समोर आहे.

विजू, मागच्या वेळी मी थांबले. आज नाही थांबत. फोन खाली ठेवते आणि उघडते.
जे निघेल ते माझं.

तेव्हा तुझा निरोप घ्यायचा राहिला होता. तो आता घेते गं.