आधारवरची नकुशी

यवतच्या अलीकडं गुऱ्हाळांच्या धुरात बसलेली एक वस्ती आहे. तिथल्या चौथीपर्यंतच्या सरकारी शाळेत कस्तुराबाई चौदा वर्षं खिचडी शिजवत होती. पोराच्या तोंडाकडं बघून ते उपाशी आलंय की घरी भांडून, हे ओळखणारी बाई. आणि तिला त्याचा तोराही होता. हाताखाली सोजरबाई येऊन दोन वर्षं झालेली.

त्या दुपारी हौसराव गुरुजी मोबाईल हातात धरून किचनशेडच्या दारात उभे राहिले. पटावर पोरं सव्वीस. सरकारचा नियम असा, की पंचवीस पोरांपर्यंत एक स्वयंपाकीण, सव्विसावं आलं की दुसरी. आणि ज्याचं शाळेतलं नाव आधारकार्डाशी जुळेल तेच पोर धरायचं. एकाचं जुळत नव्हतं, म्हणजे पंचवीसच धरली जाणार आणि एक बाई कमी होणार. चौथीतली अपेक्षा, आधारवर नकुशी. पाच वाजता पोर्टल बंद होणार होतं.

कस्तुराबाईच्या हातातली पळी थांबली. ते नाव तिनंच ठेवलं होतं. गुऱ्हाळावरचा सुरज आपली चौथी पोरगी शाळेत घालायला आला, तेव्हा नाव सांगताना तो खाली बघू लागला. मागून हिनंच ठणकावून सांगितलं होतं, अपेक्षा लिवा. गुरुजींनी लिहिलं. आता ते म्हणत होते, शाळेतलं नाव बदलणं माझ्या हातात, पाच मिनिटांचं काम. आधार बदलायला पंधरा दिवस जातील.

सोजरबाई भांडी घासायची थांबली. तिचा नवरा रांजणगावच्या एका कंपनीत कंत्राटावर होता, त्याला दिवाळीनंतर घरी बसवलं होतं.

"अक्का, नाव तुमी ठिवलंत, तुमीच पुसा," ती म्हणाली. "तुमाला काय, जायाची तर मी जानार."

कस्तुराबाईला ते झोंबलं. पळी ठेवून ती गुऱ्हाळाकडं निघाली. सुरज चुलवाणात चिपाड सारत होता. शाळेत नकुशीच लावू का, तिनं विचारलं. काय बी लिवा, पोरगी तीच ऱ्हानार, एवढं बोलून त्यानं तोंड फिरवलं. हेच ऐकायला ती आली होती. तरी परतताना त्याचं ते तोंड फिरवणं तिला खटकत राहिलं.

शाळेत येऊन तिनं विचारलं, दाखल्यावर कोणतं नाव लागेल? गुरुजी म्हणाले, आज जे लावू ते. पाचवीला तेच, दहावीला तेच, आयटीआयला गेली तर तिथंही तेच. कस्तुराबाईला कंपनीचं गेट दिसलं, गळ्यातला पास दिसला, आणि पास वाचून हसणारा वॉचमन दिसला.

पोरगी ओट्यावर वही घेऊन बसली होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं, पण कळलं सगळं होतं. कस्तुराबाई तिच्यापुढं उकिडवी बसली.

"तुला गं काय वाटतं?"

पोरगी वहीतच बघत राहिली. "नकुशी घरी म्हंत्यात. हितं न्हाई."

पाचाला वीस मिनिटं कमी होती. कस्तुराबाई उठली, पदर खोचला.

"गुरुजी, आई-बापाला पोरगी नको व्हती, त्ये वझं दाखल्यानं का वाहायाचं? अपेक्षाच ऱ्हाऊ द्या. आन् एकच बाई ठिवायची तर सोजरला ठिवा."

गुरुजींनी समजावलं. तुम्ही जुन्या, हक्क तुमचा, एकदा गेलात तर परत घेता येईल असं मी लिहून देऊ शकत नाही. ती ऐकत नव्हती. त्यांनी राजीनाम्याचा कागद लिहिला आणि सवयीनं अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढं सरकवला. तिनं तो बाजूला सारला, पेन मागितला, आणि एकेक अक्षर दाबून आपलं पूर्ण नाव लिहिलं. पाच वाजले.

सोजरबाई फाटकापर्यंत नुसती मागं मागं आली.

"अक्का, उद्या पातेलं चुलीवरनं उतरवताना दुसरा कान कोन धरील? एकटीला झेपायचं न्हाई."

"मी यीन."

"पगाराबिगर?"

"धराया यीन म्हनलं," कस्तुराबाई चालता चालता म्हणाली. "शिजवाया न्हाई."