शेवटच्या कागदावरची विसावी ओळ

मंगळवारी सकाळी अकरा वाजून बावीस मिनिटांनी सहीवाल्या बाईंनी शहाण्णव कागदांमधला शेवटचा कागद पुढे ओढला. डाव्या हाताखाली कागद, उजवीकडे मतदार नोंदणीच्या कार्डांचा ट्रे, आणि एका वेळी एकच ओळ दिसावी म्हणून मध्ये पट्टी. बावीस वर्षं त्या निवडणूक कचेरीत हेच करत आल्या आहेत. कागदावरची सही आणि कार्डावरची सही एकाच हाताची आहे का, ते बघायचं. जुळली तर निळी खूण, नाही तर लाल. कचेरीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही.

राष्ट्राध्यक्षपदासाठी मोठ्या पक्षांचे उमेदवार पक्षाच्या अधिवेशनात प्रतिनिधींच्या मतांनी ठरतात आणि थेट मतपत्रिकेवर जातात. ज्याच्यामागे पक्ष नाही, त्याला या टेबलावरून जावं लागतं. प्रत्येक जिल्ह्यातून दीड हजार मतदारांच्या सह्या हव्यात. एका जिल्ह्यात कमी पडल्या, तरी नाव बाद. या खेपेला असा एकच उमेदवार टिकला होता, पूल बांधणारा एक निवृत्त अभियंता. बाकीचे सगळे जिल्हे तो पार करून आला होता. इथे पंच्याण्णव कागदांनंतर आकडा चौदाशे एक्क्याण्णववर होता, आणि नवे कागद द्यायची मुदत शुक्रवारीच संपली होती. उमेदवाराचा माणूस बाहेरच्या बाकावर दोन दिवस बसून होता.

पहिल्याच ओळीतला पत्ता बघून बाई हसल्या. त्यांचीच इमारत. तळमजल्यावरचे शिंपी, तिसऱ्या मजल्यावरची नर्स, तिचा नवरा, गच्चीखालचे निवृत्त मास्तर.

"आमची अख्खी इमारत आलीय की इथे," त्या म्हणाल्या.

समोर बसणारे सहकारी दुसरी तपासणी करतात. डोळ्याला कायम भिंग, म्हणून ते भिंगवाले. ते म्हणाले, "मग तुम्ही कशा नाही? कुणी विचारलं नाही वाटतं तुम्हाला?"

"मला कोण विचारतंय!"

आणि विचारून उपयोगही नव्हता. कचेरीतल्या माणसाला कुठल्याच उमेदवाराला समर्थन देता येत नाही.

नववी सही जुळली तेव्हा भिंगवाल्यांनी पेन्सिल टेबलावर आपटली. "पंधराशे! सुटला बिचारा. उरलेल्या अकरा जणांनी उगाच शाई घालवली." पण नियमाप्रमाणे प्रत्येक ओळ बघावी लागते. बाईंनी पट्टी खाली सरकवली. एकोणीस ओळी, एकोणीस निळ्या खुणा.

विसाव्या ओळीत त्यांचं स्वतःचं नाव होतं.

नाव, वय, पत्ता, पुढे सही. बाईंनी पट्टी उचलली, पुन्हा ठेवली. कुणीतरी आपली नक्कल केली, हा पहिला विचार. सवयीनं त्यांनी ट्रेमधून कार्ड काढलं. आपलंच कार्ड काढायची ही पहिली वेळ. पहिल्या अक्षराचं वळण तेच. मधली जोडणी तीच. शेवटचं अक्षर मात्र फिकट, आणि वरून पुन्हा गिरवलेलं. उभ्या भिंतीवर कागद धरून लिहिलं की बॉलपेनची शाई अशीच तुटते. त्यांनी कागदाच्या मागून बोट फिरवलं. भिंतीचा खरबरीतपणा तिथे उमटला होता. बाकीच्या एकोणीस सह्या टेबलावर बसून केलेल्या, गुळगुळीत.

भिंत आठवली. पाचव्या मजल्याच्या आधीचा जिना, दोन्ही हातांत पिशव्या, आणि वरून उतरून आलेल्या वन्सं. "लिफ्टचा अर्ज आहे, एक सही कर पटकन." कागदाचा वरचा भाग दुमडलेला होता.

बाईंनी कागद उलटा केला. मागे सह्या गोळा करणाऱ्याचं शपथपत्र असतं: प्रत्येकानं वरचा मजकूर वाचून माझ्यासमोर सही केली. खाली वन्संची सही. ती तर त्यांना कार्डाशिवाय ओळखू आली.

अकरा चाळीसला त्या कचेरीच्या जिन्यात जाऊन फोन लावत होत्या.

वन्सं म्हणजे त्यांची थोरली नणंद. राहायला सहाव्या मजल्यावर. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. लिफ्ट बंद पडली त्याला चार महिने झाले, आणि तेवढ्या काळात वन्सं फक्त दोनदा रस्त्यावर उतरल्या आहेत.

"वन्सं, त्या दिवशी जिन्यात माझी सही घेतलीत, ती कशाची होती?"

"लिफ्टची. का गं?"

"वरचा भाग का दुमडला होतात?"

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. "तुझ्याच टेबलावर आला होय तो? एवढ्या मोठ्या कचेरीत दुसरं टेबल नाही?"

"बाकीच्यांनाही लिफ्टच सांगितलीत?"

"छे छे, त्यांना खरं सांगितलं. तो प्रचारवाला आला होता. म्हणाला, वीस सह्यांचा कागद भरून द्या, लिफ्टच्या कंपनीत माझा मेव्हणा आहे. सगळ्यांनी माझ्याकडे वर येऊन, वाचून, खुशीनं केल्या. एकोणीस झाल्या आणि विसावं माणूस मिळेना. तेवढ्यात तू दिसलीस."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू नाही म्हणाली असतीस."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि मला वाटलं, तू वाचशील," वन्सं म्हणाल्या. "उठता बसता आम्हाला ऐकवतेस, वाचल्याशिवाय सही करू नका म्हणून. तू बघितलंसुद्धा नाहीस."

"मागे शपथपत्रावर सही केलीत, तिथे काय लिहिलंय माहितीये?"

"ते कुठे वाचलं मी! तो म्हणाला इथे करा, मी केली." मग आवाज उतरला. "मला काही होईल का गं?"

"चौकशी होईल."

"मग मार ना लाल खूण. तुझंच टेबल, तुझाच हात. कोण बघतंय?"

बाई परत आल्या तेव्हा भिंगवाल्यांनी कागद आपल्याकडे ओढून पाहिला होता. बाईंनी फोनवरचं सगळं सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला. ते हळू आवाजात बोलू लागले. "ऐका माझं. सही जुळत नाही म्हणा. कुणीतरी तुमची नक्कल केली. एक ओळ जाते, पंधराशे दहा उरतात. अभियंता राहतो, तुमची नणंद राहते, तुमची नोकरी राहते. मी खाली सही करतो."

त्यांचं गणित बरोबर होतं. न जुळणारी सही एकटीच बाद होते. पण ती खरी असेल आणि न वाचता घेतलेली असेल, तर शपथ खोटी ठरते आणि अख्खा कागद जातो. वीसच्या वीस. वाचून, खुशीनं केलेल्या एकोणीस सह्यांसकट.

"जरा भिंग द्या," बाई म्हणाल्या.

भिंगवाल्यांना वाटलं, पटलं. त्यांनी भिंग दिलं. बाईंनी शेवटचं गिरवलेलं अक्षर बघितलं, कार्ड बघितलं, पुन्हा अक्षर बघितलं. मग विसाव्या ओळीपुढे निळी खूण केली.

"अहो बाई! डोकं फिरलंय का तुमचं?"

"जुळते हो. न जुळायला काय झालंय?"

त्यांनी कोरा कागद घेतला आणि पाच ओळींचं निवेदन लिहिलं. सही माझी आहे. वरचा मजकूर झाकलेला होता. मी वाचला नाही. कागद गोळा करणारी व्यक्ती माझी नणंद आहे. या टेबलावरून मला मोकळं करावं.

साहेबांनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं. या खुर्चीवर त्यांनी दोन निवडणुका काढल्या आहेत, पण असा कागद त्यांच्यापुढे आला नव्हता.

"बाई, याचा अर्थ कळतोय ना? एक माणूस देशाच्या मतपत्रिकेवरून जातो. तुम्ही निलंबित होऊ शकता. घरच्या माणसावर गुन्हा येतो. एकदा विचार करा."

"वाचून सही केलीय साहेब. या वेळी."

साहेबांनी दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी आकडा कारणासकट सूचना फलकावर लावला: चौदाशे एक्क्याण्णव. बाकावरचा माणूस उठून फलकापाशी गेला. नऊ कमी, हे त्याला लगेच कळलं. कशामुळे कमी, हे कळायला त्याला सूचना तीनदा वाचावी लागली. मग त्यानं दारातूनच विचारलं, "या विसाव्या ओळीतल्या बाई कोण?" भिंगवाले भिंग पुसत राहिले. बाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी." तो तसाच निघून गेला. न्यायालयात जायला त्याच्या उमेदवाराकडे तीन दिवस आहेत.

संध्याकाळी बाई सहाव्या मजल्यावर गेल्या. वन्संनी दार उघडलं, पण आत ये म्हणाल्या नाहीत. चौकशीची नोटीस कचेरीच्या शिपायानं आधीच आणून दिली होती. ती त्यांच्या हातातच होती.

"वाचलीत?" बाईंनी विचारलं.

"दोनदा," वन्सं म्हणाल्या. "किती वाजता निघायचं?"

उद्या बुधवारी साडेनऊला बाईंना आणि दहाला वन्संना कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत चौकशी अधिकाऱ्यांपुढे हजर व्हायचं आहे. कचेरी बसनं वीस मिनिटांवर आहे. सहाव्या मजल्यापासून रस्त्यापर्यंत एकशे बत्तीस पायऱ्या आहेत आणि लिफ्ट बंद आहे, म्हणून दोघी सव्वाआठला निघणार आहेत.